छावणीतील चित्रकार आणि हिंदुस्थानातील वास्तू

स्थलचित्र म्हणजे एखादी नेमकी जागा पाहणाऱ्याला ओळखू यावी, या हेतूने काढलेले चित्र. चित्रकाराच्या मनातला निसर्ग त्यात नसतो. ही टेकडी, हा बुरूज, ही मशीद, अमुक दिशेने आणि अमुक अंतरावरून पाहिल्यावर कशी दिसते, एवढेच त्याने सांगायचे असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिंदुस्थानातील किल्ले, देवळे, मकबरे, मशिदी आणि लेणी यांची अशी हजारो चित्रे काढली गेली. त्यांतला मोठा वाटा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील आणि ब्रिटिश राजाच्या पलटणींतील अधिकाऱ्यांचा होता. ही माणसे पोटासाठी चित्रे काढणारी नव्हती. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर अशा हुद्द्यांवर काम करत, मुक्काम पडला की कागद फळीवर ताणून ती बसत. बहुतेक चित्रे जलरंगातली आणि वहीच्या पानाएवढी आहेत. शिसपेन्सिलीच्या रेषा रंगाखालून दिसतात आणि तळाशी जागेचे नाव व तारीख लिहिलेली असते. आज जी वास्तू पडली आहे, बदलली आहे किंवा अजिबात उरलेली नाही, तिच्या बाबतीत या पानाला पुराव्याचे मोल येते. मात्र कुठले पान किती विश्वासाचे, हे ते कोणासाठी काढले आणि त्यावरून पुढे किती हात फिरले, यावर अवलंबून असते.

सैनिकाला चित्रकला शिकवण्याचे कारण अगदी व्यवहारी होते. छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जाहीर झाला. त्याआधी डोंगरापलीकडचा किल्ला सेनापतीला दाखवायचा तर शब्द, नकाशा आणि चित्र एवढीच साधने हाती होती. नकाशावरून अंतर कळते, पण तोफ जिथे उभी करायची तिथून तटाचा कुठला भाग उघडा दिसतो, कड्याची चढण कुठे मोडते, दरवाजा कुठल्या बुरुजाआड दडला आहे, हे नकाशा सांगत नाही. ते चित्र सांगते. म्हणून तोफखान्याचे आणि इंजिनिअर दलाचे अधिकारी घडवण्यासाठी १७४१ साली लंडनजवळ वूलिच येथे निघालेल्या लष्करी शाळेत चित्रकला हा पाठ्यविषय होता. पॉल सँडबी हा नामवंत जलरंग चित्रकार १७६८पासून जवळजवळ तीस वर्षे तिथे मुख्य चित्रशिक्षक होता. त्याची स्वतःची घडणही लष्करी कामातच झाली होती. स्कॉटलंडमधील १७४५चे बंड मोडल्यावर तिथल्या डोंगराळ मुलखाची जी लष्करी मोजणी झाली, तिच्यात तो नकाशे काढत असे. मार्लो येथील लष्करी महाविद्यालयात विल्यम अलेक्झांडर शिकवत असे. मॅकार्टनीच्या शिष्टमंडळाबरोबर चीनला जाऊन तिथली चित्रे घेऊन आलेला चित्रकार तो हाच. कंपनीने १८०९मध्ये क्रॉयडनजवळ अ‍ॅडिस्कोम येथे आपल्या फौजेसाठी वेगळी शाळा काढली. ती १८६१पर्यंत चालली. तिथेही तटबंदीचे नकाशे आणि निसर्गदृश्ये हे दोन्ही कॅडेटांना शिकवले जाई.

त्या काळची रीत ठरलेली होती. आधी क्षितिजाची रेषा घ्यायची, मग हात ताणून धरलेल्या पेन्सिलीने प्रमाणे मोजून बाह्यरेषा पक्क्या करायच्या. त्यांवर पातळ राखाडी शाईचे थर देऊन उजेड आणि सावली बसवायची. शेवटी पारदर्शक रंगाचा हलका हात फिरवायचा. दूरचे डोंगर फिके निळसर, मधला मुलूख थोडा गडद आणि पुढची जमीन सर्वांत ठळक ठेवली की कागदावर अंतर उभे राहते. मदतीला उपकरणेही होती. भिंगातून आत आलेली प्रतिमा कागदावर पाडणारी अंधारपेटी जुनीच होती. १८०६मध्ये विल्यम वोलस्टन याने ‘कॅमेरा ल्युसिडा’चे पेटंट घेतले. दांडीच्या टोकाला बसवलेल्या लहानशा लोलकातून पाहिले की समोरची इमारत आणि खालचा कागद एकाच वेळी दिसत आणि रेषेवर रेषा गिरवता येई. कोरीव कामाने भरलेल्या देवळापुढे बसलेल्या अधिकाऱ्याला ही मोठी सोय झाली.

हिंदुस्थानातील अशा आरंभीच्या चित्रकारांत मद्रासच्या फौजेतील फ्रान्सिस स्वेन वॉर्ड याचे नाव येते. नोकरी सोडून तो लंडनला परतला होता. १७७३मध्ये त्याने हिंदुस्थानातील स्थळांची दहा चित्रे कंपनीला नजर केली आणि त्यानंतर त्याला फौजेत पुन्हा जागा मिळाली. सासाराम येथील तलावातला शेरशहाचा मकबरा आणि मदुराईचे तेप्पाकुलम ही त्याच्या चित्रांतली स्थळे. ज्या मुलखाचा महसूल आपण घेतो तो दिसतो कसा, हे लंडनच्या कचेरीत बसलेल्या संचालकांनी या चित्रांतून पाहिले.

या प्रकाराला खरी मागणी आली ती टिपू सुलतानाबरोबरच्या युद्धांमुळे. १७९० ते १७९२ या काळात इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र होऊन म्हैसूरवर चालून गेले. मराठ्यांच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते. इंग्रजांनी १७९१च्या अखेरीस नंदीदुर्ग आणि सावनदुर्ग हे डोंगरी किल्ले घेतले आणि उघड्या ग्रॅनाइटच्या त्या प्रचंड कातळांची इंग्लंडमध्ये चर्चा सुरू झाली. लेफ्टनंट रॉबर्ट कोलब्रुक याने म्हैसूर राज्यातील बारा दृश्ये प्रसिद्ध केली. कॅप्टन अलेक्झांडर अ‍ॅलन याचा चित्रसंग्रह १७९४मध्ये निघाला. तोफखान्यातला लेफ्टनंट जेम्स हंटर १७९२मध्येच वारला, पण त्याची चित्रे १८०४-०५मध्ये छापली गेली. त्यांत बंगळूरचा टिपूचा वाडाही आहे. या चित्रांत किल्ला नेहमी खालून, तंबूंच्या पातळीवरून दिसतो. कातळाची उंची दाखवण्यासाठी पायथ्याशी मुंगीएवढी माणसे काढलेली असतात. जिंकलेल्या किल्ल्याचे चित्र जितके दुर्गम, तितका जिंकणाऱ्याचा पराक्रम मोठा, हा हिशेब त्यात होताच. तरीही तटाचे वळण आणि बुरुजांची जागा यांत फारशी चूक आढळत नाही. या माणसांची नोकरीच त्यावर अवलंबून होती.

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. १८१७ ते १८१९ या शेवटच्या मराठा युद्धात मद्रासच्या फौजेने घातलेल्या वेढ्यांचा वृत्तांत इंजिनिअर अधिकारी एडवर्ड लेक याने १८२५मध्ये नकाशांसह प्रसिद्ध केला. मालेगाव आणि असीरगडचे वेढे त्यात आहेत. पेशवाई बुडाल्यावर सह्याद्रीतील अनेक गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे इंग्रजांनी सुरुंग लावून उडवले. किल्ला टिपणारी नजर आणि किल्ला निकामी करणारा हात एकाच फौजेचे होते, ही गोष्ट ती चित्रे पाहताना विसरून चालत नाही.

लष्करी गरजेइतकाच या चित्रांवर त्या काळच्या इंग्रजी अभिरुचीचाही ठसा आहे. विल्यम गिल्पिन या पाद्र्याच्या पुस्तकांमुळे १७८०नंतर इंग्लंडमधील सुशिक्षितांना ‘चित्रासारख्या’ निसर्गाची ओढ लागली. खडबडीत कडे, मोडकी कमान, वेलींनी वेढलेली भिंत आणि कोपऱ्यात एखादे वाकडे झाड असले की दृश्य रमणीय ठरे. सरळ, नीटनेटकी, नांदती इमारत या मापात बसत नसे. विल्यम हॉजेस १७८० ते १७८३ या काळात, तर थॉमस आणि विल्यम डॅनियल ही काका-पुतण्याची जोडी १७८६ ते १७९३ या काळात हिंदुस्थानात फिरली. हे व्यावसायिक चित्रकार होते. १७९५ ते १८०८ या वर्षांत निघालेल्या डॅनियलांच्या १४४ चित्रांच्या संग्रहाने हिंदुस्थानातील वास्तू कशी काढायची याचा कित्ताच घालून दिला. पुढचे कितीतरी अधिकारी तो कित्ता मनात ठेवून बसले. त्यामुळे त्यांच्या चित्रांत पडक्या भिंती जरा जास्त दिसतात, आणि देवळात पूजा चालू असली तरी ते ओसाड वाटते. याचा राजकीय अर्थही उघड होता. मोडकळीस आलेला देश, आणि तो सांभाळायला आलेले नवे राज्यकर्ते, असे ते दृश्य वाचले जाई. प्रत्येक चित्रकाराच्या मनात असा डाव होता असे नाही. पण ती चित्रे ज्या घरांच्या भिंतींवर लागली, तिथे हाच समज रुजला.

मूळ चित्रापासून छापील चित्रापर्यंतच्या वाटेवर आणखी बदल होत. छपाईची रूढ पद्धत ‘अ‍ॅक्वाटिंट’ ही होती. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी चिकटवून तो आम्लात बुडवत. कणांमधल्या उघड्या जागी आम्ल पत्रा खाई आणि तिथे शाई धरे. जो भाग उजळ ठेवायचा त्यावर लेप देऊन पत्रा पुनःपुन्हा बुडवला की फिक्यापासून गडदपर्यंतच्या छटा मिळत. छापलेल्या प्रती मग हाताने रंगवल्या जात. जलरंगाचा आभास यातून उत्तम साधे. पण पत्रा कोरणारा कारागीर लंडनमध्ये असे आणि त्याने ती जागा बहुधा पाहिलेली नसे. त्याच्या आधी आणखी एखादा नामवंत चित्रकार अधिकाऱ्याचे कच्चे रेखाटन ‘सुधारून’ देई. नौदलातील कमांडर रॉबर्ट एलियट याने आणलेल्या रेखाटनांवरून १८३०च्या सुमारास जो संग्रह निघाला, त्यातील चित्रे सॅम्युएल प्राउट आदींनी नव्याने काढली होती. युरोपातील जुन्या गल्ल्या आणि चर्चे रंगवण्यात हयात घालवलेल्या प्राउटने हिंदुस्थान कधीच पाहिला नव्हता. अशा छापील चित्रांवरून कमानीचा आकार किंवा मिनारावरील मजल्यांची उंची ठरवणे धोक्याचे आहे. जागेवर काढलेला कागद मिळाला तर त्यालाच प्रमाण मानायला हवे.

पश्चिम हिंदुस्थानचे सर्वांत गाजलेले चित्रपुस्तक कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले याचे. मुंबईच्या फौजेत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत नोकरी करून तो परतला. १८२६ ते १८३० या काळात त्याने पश्चिम हिंदुस्थानातील निसर्ग, पोशाख आणि वास्तू यांवरचा ३६ चित्रांचा संग्रह सहा भागांत काढला. दौलताबादचा किल्ला, औरंगजेबाच्या पडक्या वाड्यातून दिसणारे औरंगाबाद शहर, वेरूळची लेणी आणि अहमदाबादचे हलते मिनार त्यात आहेत. बोरघाटाचे चित्र मात्र विल्यम वेस्टॉल या चित्रकाराचे आहे. ग्रिंडलेने १८२८मध्ये लंडनला हिंदुस्थानात जाणाऱ्या-येणाऱ्यांची सोय पाहणारी पेढी काढली. पुढे तिचीच ग्रिंडलेज बँक झाली. मुंबईत अनेकांनी त्या बँकेत खाते ठेवले असेल, पण तिचा संस्थापक वेरूळचे चित्र काढणारा कॅप्टन होता हे फार थोड्यांना ठाऊक असते.

वेरूळच्या बाबतीत ग्रिंडलेच्या आधीचे एक काम अधिक मोलाचे आहे आणि ते सैनिकांचे नव्हे. पुण्याच्या दरबारातील रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२पासून पुण्यात होता. वेरूळची रेखाटने त्याने केली, तशी गंगाराम तांबट या पुण्याच्या कलावंतानेही केली. वेल्स १७९५मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३मध्ये चोवीस चित्रांचा संग्रह काढला. गंगारामची रेखाटने पुढे अमेरिकेतील येल येथील ब्रिटिश कला संग्रहालयात पोहोचली. पेशव्यांच्या शिकारखान्यातील जनावरे रंगवणाऱ्या या माणसाने लेण्यांचे खांब, कोनाडे आणि मूर्ती बारकाईने टिपल्या. तिथे रमणीयतेसाठी लावलेले झाड नाही आणि अंधारात उगाच फेकलेला उजेडही नाही. लेणे कसे दिसते यापेक्षा लेणे कसे आहे, याकडे त्याचे लक्ष होते. मराठी कलेच्या इतिहासात त्याला आजवर मिळाली त्यापेक्षा मोठी जागा मिळायला हवी.

लष्करी चित्रणाला मोजणीच्या शिस्तीत बसवले ते कॉलिन मॅकेंझी याने. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर जन्मलेला हा इंजिनिअर अधिकारी १७८३मध्ये मद्रासला आला. टिपूच्या पाडावानंतर त्याने म्हैसूरची दीर्घ मोजणी केली आणि १८१५मध्ये तो हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. गावाचा नकाशा करायचा तर तिथले देऊळ, शिलालेख, जुनी कथा आणि वतनाचा कागद हे सगळे टिपून घ्यायचे, अशी त्याची पद्धत होती. कावली बंधूंसारखे तेलुगू विद्वान त्याच्यासाठी हस्तलिखिते मिळवत आणि लावत. चित्रे काढणाऱ्यांत मद्रासला १७९४मध्ये निघालेल्या मोजणी शाळेत तयार झालेली मुले होती. मॅकेंझीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीड हजारांवर चित्रांपैकी थोडीच त्याच्या हातची आहेत. हॅमिल्टन, न्यूमन अशी आरेखकांची नावे काही कागदांवर आढळतात, बाकीचे कागद निनावी आहेत.

अमरावतीचे स्तूप-शिल्प हे या पद्धतीचे सर्वांत मोठे यश, आणि तिच्या मर्यादेचेही उदाहरण. कृष्णाकाठी वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू या जमीनदाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस नवे गाव वसवले. बांधकामाला दगड हवा म्हणून त्याची माणसे जवळची टेकडी खणू लागली आणि कोरलेल्या फिकट पांढऱ्या शिळा वर आल्या. मॅकेंझी तिथे प्रथम १७९८मध्ये गेला. १८१६मध्ये तो आपल्या आरेखकांसह परतला, तेव्हा टेकडीच्या मधोमध तलाव खोदला गेला होता आणि कितीतरी शिळा इमारतींत बसवल्या गेल्या होत्या. उरलेल्या शिळा एकेक करून कागदावर उतरवण्याचे काम मग सुरू झाले. या पानांवर दृश्य असे काही नाही. शिळेची बाह्यरेषा शाईने, उठाव राखाडी छटेने आणि तुटलेली कड जशी आहे तशी, असे ते चित्र असते. फुलांच्या मंडलातील पाकळ्या आणि स्तूपाभोवती हात जोडून उभ्या असलेल्या माणसांचे अलंकार त्यात मोजून घेता येतात. अमरावतीच्या पुष्कळ शिळा पुढे मद्रासला आणि तिथून लंडनला गेल्या आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काही मात्र हरवल्या. त्या आता या कागदांवरच पाहायला मिळतात. मॅकेंझी १८२१मध्ये वारला आणि त्याचा संग्रह कंपनीने त्याच्या विधवेकडून एक लाख रुपयांना घेतला.

चित्र काढणाऱ्याच्याच हाती वास्तूची दुरुस्ती आली तर काय होते, हे दिल्लीच्या कुतुब मिनाराने दाखवले. बंगालच्या इंजिनिअर दलातील एन्साइन जेम्स ब्लंट याने १७९४मध्ये मिनाराचे रेखाटन केले आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत त्याचे वर्णन छापून आले. १८०३च्या भूकंपात मिनाराच्या माथ्यावरची जुनी घुमटी कोसळली. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने वीज पडून मोडलेले वरचे मजले पुन्हा बांधले होते, त्या काळातली ती मानली जाते. दुरुस्तीचे काम त्याच दलातील रॉबर्ट स्मिथ याच्याकडे आले. दिल्लीत तो १८२०च्या दशकात इंजिनिअर होता आणि तैलरंगात फार सुरेख चित्रे काढत असे. पुराना किल्ल्याच्या प्रवेशद्वाराचे त्याचे १८२३चे चित्र पाहिले की दगडाचा पोत आणि उन्हाचा कोन त्याला किती अचूक कळत होता हे जाणवते. मिनाराचे निसटलेले दगड त्याने नीट बसवले, सज्जांना नवे कठडे दिले आणि १८२८मध्ये माथ्यावर लाल दगडाची नवी छत्री चढवली. ती त्याच्या आवडीची होती, मिनाराच्या घडणीशी मात्र तिचा मेळ बसत नव्हता. टीका होत राहिली आणि १८४८मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग याच्या हुकमाने ती उतरवली गेली. आज ती कुतुबच्या आवारातील हिरवळीवर उभी आहे. मिनार वाचवण्याचे श्रेय स्मिथला दिलेच पाहिजे. पण रमणीय चित्र पुरे करणारी नजर दुरुस्तीला लावली की वास्तूत नसलेली गोष्ट तिच्यावर चढते, हेही तितकेच खरे.

पुढच्या पिढीतील अधिकारी पुरातत्त्वाकडे वळले. मार्कहॅम किटो याने १८३८मध्ये मुसलमानी काळातील वास्तूंची चित्रे प्रसिद्ध केली आणि नंतर तो सारनाथच्या उत्खननात गुंतला. फ्रेडरिक मेझी हा तरुण अधिकारी कालिंजरहून सांचीला गेला आणि तिथल्या तोरणांवरची कथाशिल्पे त्याने चौकट न् चौकट उतरवली. १८५१मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम याच्याबरोबर त्याने तिथले स्तूप उघडले. त्यांतल्या एकात सारिपुत्त आणि महामोग्गलान या बुद्धशिष्यांचे अवशेष मिळाले. मेझीने पाहिली तेव्हा दक्षिण आणि पश्चिमेची तोरणे पडलेली होती. ती १८८०नंतर उभारली गेली, पण दक्षिण तोरणाच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या तुळया उलट बाजूने बसल्या, असे पुढे जॉन मार्शलने नोंदवले. दुरुस्तीपूर्वीच्या चित्रांची गरज कशाला, या प्रश्नाचे उत्तर अशा चुकांत आहे. कनिंगहॅम हा अ‍ॅडिस्कोमचा विद्यार्थी आणि १८६१मध्ये सुरू झालेल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पहिला प्रमुख. लष्करी चित्रशाळेतून थेट पुरातत्त्व खात्यापर्यंतची वाट त्याच्या एका आयुष्यात दिसते.

अजिंठ्याची कहाणी यांत सर्वांत दुःखद. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या फौजेतील जॉन स्मिथ शिकारीला निघाला असता वाघूर नदीच्या घळीत लेण्यांपाशी पोहोचला. दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने कोरलेले नाव आणि तारीख अजून आहेत. आसपासच्या गावांना लेणी ठाऊकच होती, पण युरोपीय अभ्यासकांची रीघ त्यानंतर लागली. जेम्स फर्ग्युसन याने १८४३मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भित्तिचित्रांच्या नासाडीकडे लक्ष वेधले. तेव्हा संचालकांनी त्यांच्या नकला करून घ्यायचे ठरवले आणि १८४४मध्ये मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल याची नेमणूक झाली. हे काम स्थलचित्राच्या पलीकडचे होते. काळोख, वटवाघळे, ओल आणि भिंतींवरचे धुराचे थर यांत उभे राहून मोठमोठ्या कॅनव्हासांवर मूळ मापाच्या बरोबरीने नकला करायच्या होत्या. गिल अजिंठा गावात राहिला आणि हे काम जवळजवळ वीस वर्षे चालले. त्या नकला लंडनला गेल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. डिसेंबर १८६६मध्ये तिथे आग लागली आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नकला वगळता सर्व जळून गेल्या.

या मधल्या वर्षांत गिलच्या हाती कॅमेरा आला होता. त्याने वेरूळ-अजिंठ्याची आणि वऱ्हाडातील जुन्या देवळांची छायाचित्रे घेतली. लोणारची देवळे त्यांत आहेत. १८७९मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेमुळे गिल आणि त्याची इथली प्रेयसी पारो यांची कथा मराठी मनात घर करून आहे. पण त्या कथेइतकाच त्याच्या जळालेल्या कॅनव्हासांचा शोक व्हायला हवा. त्याने जे पाहिले त्यातला बराच रंग भिंतींवरूनही नंतर उतरला. १८७२पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५मध्ये लंडनमधल्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या.

हातच्या चित्राची सद्दी १८५५च्या सुमारास संपू लागली. त्या वर्षी अ‍ॅडिस्कोमच्या अभ्यासक्रमात छायाचित्रण आले आणि मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज याला विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी नेमले. चित्रकार ठेवण्यापेक्षा हे स्वस्त आणि खात्रीचे, असा संचालकांचा हिशेब होता. मद्रास इलाख्यात लिनिअस ट्राइप या कॅप्टनने मदुराई आणि तंजावर टिपले. अलेक्झांडर ग्रीनलॉ याने १८५६मध्ये हंपीची मोठ्या आकाराची कागदी निगेटिव्ह तयार केली. मोजणीच्या चित्राला मात्र छायाचित्र पर्याय ठरले नाही, कारण घुमटाचा उभा छेद कॅमेऱ्याला घेता येत नाही. विजापूरच्या वास्तूंचे कॅप्टन हार्ट याच्या देखरेखीखाली झालेले आराखडे १८५९मध्ये फर्ग्युसनने संपादून छापले. मुखपृष्ठावर हार्टबरोबर एका इंग्रज इंजिनिअरचे नाव आहे, आणि प्रत्यक्ष रेघा ओढणाऱ्यांचा उल्लेख ‘देशी आरेखक’ एवढाच. गोल घुमटाच्या गॅलरीची मापे घेणारे हे लोक कोण, हे त्या पानावर लिहायला जागा नव्हती असे नाही. तशी गरज कोणाला वाटली नाही.

ही चित्रे आज मुख्यतः लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, कारण कंपनीच्या ग्रंथालयाचा वारसा तिच्याकडे आला. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि येल येथेही मोठे साठे आहेत. त्यांची शास्त्रशुद्ध यादी करण्याचे काम मिल्ड्रेड आर्चर यांनी आयुष्यभर केले. इंडिया ऑफिस ग्रंथालयातील ब्रिटिश रेखाटनांची त्यांची दोन खंडांची सूची १९६९मध्ये निघाली आणि अजून तिच्याशिवाय अभ्यासकाचे पान हलत नाही. एकेक कागद कोणाचा आणि केव्हाचा हे ठरवताना अनेक धागे जुळवावे लागतात. कागदातील जलचिन्हावर साल असेल तर चित्र त्याआधीचे असू शकत नाही. तळाशी लिहिलेले नाव पुढच्या मालकाचे आहे की चित्रकाराचे, हे हस्ताक्षरावरून पाहावे लागते. दिल्लीच्या स्मिथचेच उदाहरण घेता येईल. त्याच काळात ४४व्या पलटणीत दुसरा एक कॅप्टन रॉबर्ट स्मिथ हिंदुस्थानात चित्रे काढत फिरत होता आणि दोघांची कामे बराच काळ एकमेकांत मिसळली गेली. ती वेगळी करता आली ती फौजेच्याच दप्तरामुळे. कुठला अधिकारी कुठल्या महिन्यात कुठल्या छावणीत होता, रजेवर केव्हा गेला आणि परत केव्हा आला, याची नोंद त्यात आहे. चित्रातले ठिकाण आणि अधिकाऱ्याचा मुक्काम जुळला की त्या कागदाचा कर्ता आणि काळ ठरतो.